गंगूच्या गळ्यातली मोहनमाळ

उलव्याच्या मुलींच्या शाळेत प्रार्थना संपली की पाढे नाहीत, कविता नाही, आधी बातमी व्हायची. रोज एका मुलीने उठायचं, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आखलेल्या चौकटीत खडूने चार ओळी लिहायच्या आणि वर्गाकडे तोंड करून मोठ्याने वाचायच्या. काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच. ऐकीव काही चालायचं नाही.

"कोणी, काय, कुठे, कधी," सुमित्राबाई टेबलावर पट्टी आपटत म्हणायच्या. "चार प्रश्न. पाचवा विचारायचा नाही. का घडलं, हे आपल्याला ठाऊक नसतं. ठाऊक नाही ते लिहायचं नाही."

आता त्या काळात उलव्यात बातमी ती काय असणार? उधाणाच्या पाण्याने कोणाचा बांध खचला, कोणाची म्हैस चिखलात रुतली, कोणाच्या जाळ्यात जिताडा लागला. पण बाईंना ती म्हैससुद्धा चोख लागायची. म्हैस कोणाची, कोणत्या बांधाखाली, उन्हं कुठवर आली होती तेव्हा. एका पोरीने 'म्हैस बिचारी रडत होती' असं लिहिलं, तर बाईंनी विचारलं, "तू डोळ्यांतून पाणी पाहिलंस?" पोरगी म्हणाली नाही. मग 'रडत' पुसायला लावलं. असल्या बाई.

बाई मूळच्या पेणच्या, आडनाव टिपणीस. लग्न केलं नव्हतं आणि कोणी त्याबद्दल विचारलं तर घड्याळ बघायच्या. दुसऱ्या लढाईत त्या लष्कराच्या जनसंपर्क खात्यात अधिकारी होत्या. खाकी साडी, पायात बूट, खांद्याला पट्टी, पदराला बायकांच्या पलटणीचा गोल पितळी बिल्ला. लढाई संपली, खातं गुंडाळलं, बाईंनी शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं आणि दहा गावं फिरून छप्पन साली त्या उलव्यात मुलींच्या शाळेवर आल्या. शाळा म्हणजे हिरामण पाटलाच्या घराची लांब पडवी. गाव त्यांना मिलटरीबाई म्हणायचं. तोंडावरसुद्धा म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं, बरं का!

वर्षातून एकदा, पंधरा ऑगस्टला, तो बिल्ला ट्रंकेतून निघायचा. पदराला लावून बाई झेंड्याला सलाम ठोकायच्या आणि मग मुलींना लढाईतल्या गमती सांगायच्या. त्यातली एक ठरलेली. ब्रह्मदेशात लढणाऱ्या आपल्या शिपायांना घरची चिंता लागू नये म्हणून त्यांच्या बायकापोरांचे फोटो काढून फौजेच्या पत्रकात छापायचे, हे बाईंचं काम. पंधरा दिवसांत चाळीस गावांच्या बायका त्यांनी उरकल्या. "एकदा काय झालं," बाई सांगायच्या, "एका बाईचा पदर सारखा घसरत होता. माझा बिल्ला काढून मी तो टोचून दिला आणि फोटोआधी काढून घ्यायला विसरले, घेतला तो नंतर. फोटो छापून आला, पदराला फौजेचा बिल्ला! मेजरसाहेबांनी मला अशी झापली म्हणता!" पोरी हसायच्या. बाईसुद्धा हसायच्या. त्या बाईचा चेहरा काही त्यांना आठवत नव्हता. मेजरसाहेबांचा मात्र मिशीसकट आठवत होता.

बाई उलव्यात आल्या त्या दिवसाची गोष्ट आधी सांगायला हवी. होडीतून उतरल्या तेव्हा भरतीच्या पाण्याने त्यांचं पोट ढवळून निघालं होतं, ट्रंक अर्धी भिजली होती आणि बंदरावर बघ्यांची जत्रा. हिरामण पाटील पुढे होऊन नमस्कार करतो न करतो तोच बायकांच्या घोळक्यातून एक काटकुळी बाई चिंबोऱ्यांची टोपली टाकून धावत आली.

"हीच ती! हीच ती बाई!" ती ओरडली. "बाई, वळखलंत काय मना? पनवेलला फोटू काढलावता. सांगा यांना. ती माळ तुमची व्हती ना?"

सुमित्राबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. खरंच पाहिलं. त्यांना काही म्हणजे काही आठवलं नाही.

"मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नीट बगा, बाई. जरा आटवा."

"जे आठवत नाही ते मी बोलत नाही."

"जालं समादान?" हिरामण पाटील त्या बाईला म्हणाला. टोपलीतल्या चिंबोऱ्या एव्हाना चिखलात पसार झाल्या होत्या. ती बाई त्या गोळा करायलासुद्धा वाकली नाही, तशीच निघून गेली. बाईंनी विचारलं, ही कोण? पाटील म्हणाला, "गंगू. घोवानं टाकलेली हाय. तुमी मनावर घेऊ नका." घोव म्हणजे नवरा, हे बाईंना कळलं. का टाकली, हे त्यांनी विचारलं नाही. तो पाचवा प्रश्न.

गावाला ठाऊक होतं आणि बाईंना नव्हतं, ते तुम्हाला आताच सांगून टाकतो.

गंगूचा नवरा तुळशीराम चांगला तांडेल माणूस. फौजेला नदीवर बोटी चालवणारे हवे होते, म्हणून बेचाळीस साली भरती होऊन ब्रह्मदेशच्या बाजूला गेला. तेव्हा गंगूला पाचवा महिना होता. पुढे मुलगी झाली, तिचं नाव मैना. चव्वेचाळीस साली शिपायांच्या बायकांना पनवेलला बोलावलं. सासऱ्याबरोबर गंगू गेली. तिथे खाकी साडीतली एक बाई आली, तिने गंगूला एका तालेवाराच्या ओटीवर बसवलं, मागे भाताची भरलेली कणगी येईल असं बसवलं, आणि गंगूचा ओका गळा पाहून स्वतःच्या गळ्यातली मोहनमाळ काढून तिला घातली. पोर मांडीवर. "हस," म्हणाली. गंगू हसली. माळ परत घेतली, गंगू पायी उलव्याला आली.

फोटो पत्रकात अर्धं पान छापून आला. नदीकाठच्या तळावर तुळशीरामाने तो पाहिला. माणूस तिकडे चिखलात, उपाशी. आणि फोटोत काय? आपली बायको परक्याच्या ओटीवर, धान्याच्या राशीपुढे, गळ्यात तीनपदरी सोनं, आणि हसतेय. त्याने ते पान फाडून चिठ्ठीबरोबर घरी पाठवलं. चिठ्ठी पोस्टमनने चार माणसांत वाचली: ज्याने माळ घातली त्याच्याच घरी राहा. सासऱ्याने मुलाला पत्र लिहवलं, पण ते पोचलं की नाही देव जाणे, आणि म्हातारा त्याच पावसाळ्यात गेला. लढाईनंतर तुळशीराम मुंबईला गोदीत लागला, काशी नावाची दुसरी बायको केली. गंगू सांगत राहिली की माळ एका मिलटरीतल्या बाईची होती. कोणाला पटायचं? शिकलेली बाई आपलं सोनं उतरवून आगऱ्याच्या बाईच्या गळ्यात घालते होय! गावकीने नवऱ्याचा शब्द धरला. लग्नकार्यात गंगूच्या हाताची हळद कोणी लावून घेईना. बारा वर्षांनी ती बाई साक्षात बंदरावर उतरली, तीच 'नाही' म्हणाली. मग तर काय, गंगूच्या खोटेपणावर शिक्काच बसला.

तरी गंगूने मैनाला त्याच बाईंच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी स्वतः आणून सोडलं, बाईंशी एक शब्द न बोलता. आणि मैना हुशार निघाली. तीन वर्षांत फळ्यावरची तिची बातमी बाईंना पुसावीशी वाटायची नाही, इतकी स्वच्छ. सातवीच्या परीक्षेला बसणारी गावातली पहिली मुलगी ती होणार, असं बाई पाटलाला छातीठोक सांगायच्या.

एकोणसाठ सालच्या फाल्गुनात मैनाचं लग्न ठरलं, गव्हाणच्या जयदेवशी. परीक्षेनंतर सासरी पाठवायची, एवढं बाईंनी भांडून कबूल करून घेतलं होतं. त्यापलीकडे त्यांनी लक्ष घातलं नाही. मग हळदीच्या पाच दिवस आधी बातमीची पाळी मैनाची आली. ती उठली, चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं आणि वाचलं.

"काल संध्याकाळी गावकीची माणसं आमच्या घरी आली. माझ्या हळदीला पाटावर बाबा आणि काशी बसतील, आई बसणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आई काही बोलली नाही. ते गेल्यावर आईने पत्र्याच्या पेटीतून एक फोटो काढला आणि चुलीत टाकला. मी तो बाहेर काढला. एक कोपरा जळला आहे. फोटोत आईच्या पदराला आमच्या बाईंचा बिल्ला आहे."

मैनाने परकराच्या ओच्यातून पिवळं पडलेलं पान काढून टेबलावर ठेवलं.

बाईंनी चष्मा लावला. आधी बिल्लाच दिसला. मग कणगी, मग माळ, आपल्या आईची मोहनमाळ, शेवटी त्या माळेखालची बाई. आणि मग बंदर आठवलं, चिखलात पळणाऱ्या चिंबोऱ्या आठवल्या, आणि स्वतःचा स्वतःला ऐकू यावा तसा आवाज: मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही.

आणि बाईंनी काय करावं? उठल्या, डस्टर घेतला आणि चौकट पुसून टाकली.

"ही बातमी नाही," त्या म्हणाल्या. "घरातल्या गोष्टी फळ्यावर आणायच्या नाहीत. पुस्तकं काढा."

तीन वर्षांत त्यांनी खरं लिहिलेलं कधी पुसलं नव्हतं. पोरींनी पुस्तकं काढली, पण नजरा सगळ्यांच्या रिकाम्या चौकटीवर. मैनाने पान उचललं, ओच्यात ठेवलं, दप्तर घेतलं आणि परवानगी न मागता ती पडवीची पायरी उतरून गेली. बाईंनी तिला हाक मारली नाही.

शाळा सुटल्यावर बाईंनी भात टाकला आणि तो करपवला. मग कागद घेऊन बसल्या. हिरामण पाटलाला चिठ्ठी लिहावी, त्याने गावकीत वाचून दाखवावी, प्रकरण मिटावं. लिहिण्यात तर हात बसलेला. पहिल्या कागदावर उतरलं: 'युद्धकाळातील एका छायाचित्रामुळे काही गैरसमज निर्माण झाल्याचे समजते.' वाचलं, फाडलं. दुसऱ्यावर: 'सदर अलंकार छायाचित्रापुरता वापरण्यात आला होता.' तोही फाडला. तिसरा कागद सगळ्यांत छान जमला होता, मेजरसाहेबांनी पाठ थोपटली असती. त्यात सगळं होतं, फक्त कोणी केलं ते नव्हतं. बाईंना स्वतःची किळस आली. चौथा कागद त्यांनी घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा एक तास आधी सोडून त्या बांधाबांधाने मिठागरावर गेल्या. टळटळीत ऊन, पांढऱ्या राशींवर डोळा ठरेना. गंगू डोक्यावरून मिठाची टोपली वाहत होती. पायाच्या भेगांत मीठ जाऊन त्या पांढऱ्या पडलेल्या. बाईंना पाहून ती थांबली नाही. टोपली राशीवर ओतली, परत फिरली, तेव्हा बाई तिच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"गंगूबाई, ती मीच होते," त्या म्हणाल्या. "माळ माझी होती. मला आठवलं नाही तेव्हा. आता आठवलं."

"मना म्हाईत हाय तुमी व्हतात ती," गंगू म्हणाली. "मना कशाला सांगता?"

"मला फार वाईट वाटतं."

"वाटू दे." गंगूने चुंबळ नीट केली. "तुमचं वाईट मी काय करू, बाई? मिठाबरोबर वाहू?"

"तुम्ही माझ्याबरोबर पाटलाकडे चला. दोघी मिळून सांगू."

"मी नाय येनार. मी पंदरा वर्सं सांगतेय. माजा आवाज त्यांच्या कानाला पाट जाला. आनि गव्हानच्यांनी आयकलं, आयशी वाकडी हाय, तमाशा करते, तर पोरीचं लगीन मोडंल. मी गप बसनार." तिने पदराने घाम पुसला. "तुमी त्या दिशी समद्यांच्या समोर नाय म्हनालात. हो म्हनायचं तर तितंच म्हना, समद्यांच्या समोर. नायतर नका म्हनू. माजं चाललंय."

आणि टोपली उचलून ती चालू लागली.

त्या रात्री बाईंना झोप लागली असेल तर शप्पथ. हे उघडपणे सांगायचं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं कळत होतं. या गावात आपल्याजवळ काय आहे? पैसा नाही, माणूस नाही. शब्द आहे. मिलटरीबाई खोटं बोलत नाही, या एका भरवशावर आयांनी पोरी कामावरून काढून शाळेत धाडल्या. गावकीने देवळामागची जागा शाळेला द्यायचं कबूल केलं. तो शब्द गेला की मग काय उरलं? आणि गप्प राहिलं तरी सगळं टिकतं, फक्त एक बाई आपल्याच मुलीच्या हळदीला आपल्याच मांडवाच्या मागे उभी राहते. तिला सवय आहे. हा विचार मनात आला आणि बाईंना लाज वाटली. इतकी की अंथरुणात उठून बसल्या.

हळदीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मांडव भरला. तांदळाच्या पिठाचा चौक काढला होता, त्यावर पाट. गव्हाणची मंडळी एका बाजूला टोप्या सावरत बसलेली. जमुना धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन सगळे विधी करणारी म्हातारी, मधोमध मांडी घालून बसली होती. आगऱ्यांच्या लग्नात हिच्यापुढे भटजीचंही चालत नाही. पाटावर तुळशीराम, कानाजवळ केस पांढरे झालेला, आणि शेजारी काशी, नवं लुगडं नेसून अवघडलेली. समोर मैना, मान खाली. गंगू मांडवाच्या मागच्या मेढीशी पाण्याच्या हंड्याजवळ उभी होती, पाणी लागलं तर द्यायला.

जमुनाने धवला धरायला घसा खाकरला आणि सुमित्राबाई आत आल्या. अंगावर खाकी साडी. पंधरा ऑगस्ट नव्हता, तरी पदराला बिल्ला. गळ्यात तीनपदरी मोहनमाळ. कोणी म्हणालं, "बाई, या, बसा." त्या बसल्या नाहीत. चौकाच्या कडेला ताठ उभ्या राहिल्या, फळ्यासमोर मुलींना उभं करायच्या तशा.

"एक बातमी आहे," त्या म्हणाल्या.

"आता?" हिरामण पाटील दचकून उठला. "बाई, हळद होऊ द्या."

"हळदीचीच आहे. कोणी: मी, सुमित्रा टिपणीस. काय: माझ्या गळ्यातली ही मोहनमाळ मी गंगूबाईंच्या गळ्यात घातली, फोटो काढला आणि लगेच परत घेतली. कुठे: पनवेलला, दुसऱ्याच्या ओटीवर. कणगी त्या घरची, ओटी त्या घरची. गंगूबाईंचं त्यात काहीच नव्हतं, मांडीवरची मुलगी सोडून. कधी: चव्वेचाळीस सालच्या मे महिन्यात. आणि छप्पन साली बंदरावर मी यांना पाहिलं नाही म्हणाले. ते खोटं होतं. मला आठवत नव्हतं, पण खोटंच होतं. आणि पाच दिवसांपूर्वी मैनाने हे फळ्यावर लिहिलं, तेव्हा मला सगळं आठवलं होतं, तरी मी ते पुसलं."

मांडवात एकदम गलका झाला. "मंग तवा खोटं बोल्लात, का आता?" मागून कोणी विचारलं. "दया आली असंल गंगूची," दुसरं कोणी म्हणालं. हिरामण पाटलाचा चेहरा पडला होता. त्याच्याच पडवीतली शाळा, त्याच्याच शब्दावर आणलेली बाई, आणि वर गव्हाणची माणसं बघताहेत.

"मैना," बाई म्हणाल्या, "पान आहे?"

मैनाने मान वर केली. कमरेला खोचलेलं पान काढून तिने बाईंच्या हातात दिलं नाही. बापाच्या हातात दिलं.

तुळशीरामाने ते पान पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच फाडून पाठवलेलं. बाईंनी पदराचा बिल्ला काढला आणि त्याच्या गुडघ्याशी ठेवला. त्याने बिल्ला उचलला, फोटोशेजारी धरला, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मांडव त्याच्याकडे बघत राहिला.

"हा बायकांच्या पलटनीचा बिल्ला," तो शेवटी म्हणाला. "मी पायलाय. कलकत्त्याला नर्सांच्या बाजूला ऱ्हायच्या त्या." त्याने बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "मना वाटलं, फूल हाय. कोनी तरी फूल खोचलंय तिच्या पदराला. पंदरा वर्सं मी हे फूल समजत व्हतो."

जमुना धवलारणीने बाईंकडे रोखून पाहिलं. तिला कोणाची भीड नव्हती.

"पन का, बाई?" तिने विचारलं. "लोकाच्या बाईच्या गल्यात तुमी तुमची माळ का घातलीत?"

पाचवा प्रश्न. लढाईत त्याचं छापील उत्तर होतं, त्यांना पाठ होतं. ते जिभेवर आलं नाही.

"मला सांगितलं होतं, बायका सुखात दाखवायच्या," त्या म्हणाल्या. "त्या सुखात नव्हत्या. गंगूबाईंनी आदल्या दिवशीपासून काही खाल्लं नव्हतं, त्यांनी मला तसं सांगितलं होतं. मी म्हटलं, हसा. मला माझं काम उरकायचं होतं. दुपारी आणखी दोन गावं होती."



पुढचा निवाडा हिरामण पाटलाने करायचा, असा गावाचा रिवाज. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला, गव्हाणच्या लोकांकडे पाहत राहिला. त्याच्या आधी उठली ती काशी. तुळशीरामाची दुसरी बायको. कोणाला न विचारता ती पाटावरून उठली, लुगडं झटकलं, हळदीची वाटी उचलली आणि चौकाला वळसा घालून मागच्या मेढीपाशी गेली.

"घे," ती गंगूला म्हणाली. "मना कोनी सांगितलंच नाय गं. मना वाटलं, तू खरंच तसली."

गंगूने वाटी घेतली नाही लगेच. आधी ओले हात लुगड्याला पुसले, दोन्ही बाजूंनी. मग वाटी घेतली, पुढे आली. तुळशीराम बाजूला सरकून पाटावर जागा करायला लागला. गंगू पाटावर बसलीच नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. मैनासमोर जमिनीवर टेकली आणि उभ्या बोटांनी हळद पोरीच्या कपाळाला, गालांना, हातांना लावली. मैना रडत होती, हळद ओघळत होती, गंगू ती परत परत लावत होती. जमुनाने हिरामण पाटलाची वाट न बघता धवला धरला आणि बायकांनी मागून सूर लावला. गव्हाणच्या एका म्हाताऱ्याने टोपी सरळ केली आणि म्हणाला, "चालू द्या, चालू द्या. आयशीच्या हातचीच बरी."

बाई मेढीला टेकून उभ्या होत्या. आता कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, त्यामुळे त्यांना जरा बरं वाटलं. पाटील त्यांच्या शेजारून जाताना पुटपुटला, "बाई, पोरींच्या आयशींना मी आता काय सांगू?" त्यांनी सांगितलं, "आत्ता पाहिलंत ते सांगा." पुढे महिनाभर सात पोरी शाळेत आल्या नाहीत, आणि देवळामागची जागा मिळायला आणखी चार वर्षं लागली, हे खरं. पण तो नंतरचा भाग.

हळद आटोपली. गंगू उठली आणि पाण्याच्या हंड्याकडे हात धुवायला आली. हंडा मेढीपाशीच होता. बाईंनी गळ्यातली माळ काढली होती आणि ती मुठीत धरून त्या उभ्या होत्या.

"ही मैनाला द्या," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडून."

"नको." गंगूने तांब्या बुडवला. "तिच्या घोवानं इचारलं, माळ कुनाची, तर?"

बाईंनी मूठ मिटली. गंगूने पाणी ओतलं, बोटांची पिवळी हळद चोळली. मग ओले हात तसेच धरून ती बाईंकडे वळली. त्या दिवशी बंदरावर पाहिलं होतं तसं सरळ पाहिलं.

"बाई, तुमी बातमी सांगितलीत, ती येके जागी चुकली," ती म्हणाली. "तुमी म्हनालात, फोटूत माजं कायच नव्हतं. हसनं माजं व्हतं. तुमी म्हनालात, हस, तुजा घोव बगल. म्हनून हसले. तो बगल म्हनून."

आणि मैनाला आत न्यायला ती निघून गेली. सुमित्राबाई त्या मेढीला धरून, सगळ्या गावासमोर, हमसून हमसून रडल्या.